श्वांगचिंगची दुसरी विहीर

टूवूंबा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,
सविनय जय भीम.

अतुलदादा म्हणाला, तुम्हाला हल्ली फोनवर नुसती घरघर ऐकू येते आणि कानातलं मशीन तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकून दिलंय. म्हणून पत्र. शिवाय जे पाठवायचंय ते फोनवर दाखवण्यासारखं नव्हतंच. पाकिटात तीन नकाशांच्या झेरॉक्स आहेत. कुठल्या, ते सांगते.

मला खोली मिळाली, युनिव्हर्सिटीपासून चालत वीस मिनिटांवर. माझ्याकडे गाडी नाही आणि इथल्या बसचा काही भरवसा नाही, त्यामुळे हे फार बरं झालं. घर तांग नावाच्या चिनी आजोबांचं आहे. वय चौऱ्याऐंशी. त्यांची मुलगी ह्वेमिन ब्रिस्बेनला असते, शनिवारी येते. मी त्यांचं जेवण आणि गोळ्या बघायच्या, त्या बदल्यात खोली.

आजोबा तुमच्यासारखेच शाळामास्तर. अन्हुई प्रांतातल्या श्वांगचिंग नावाच्या लहानशा गावात तीस वर्षं शिकवलं आणि सत्त्याण्णव साली मुलीकडे ऑस्ट्रेलियाला आले. आता रोज सकाळी नऊ ते अकरा ते त्या गावाचा इतिहास-भूगोल लिहितात. त्यांच्याकडे तशी जुनी रीत आहे म्हणे. गावाचं एक पुस्तक असतं. टेकड्या किती, पूल कुणी बांधला, पूर कुठल्या साली आला, कोण शिकलं, कोण मेलं. श्वांगचिंगचं पुस्तक कधीच जळून गेलं, आणि आता तिथल्या लोकांनी ह्यांना नवीन लिहायला सांगितलंय, कारण इतकं जुनं आठवणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही. ते चिनीत लिहितात आणि मग मोडक्या इंग्रजीत मला सांगतात. मी नातवंडांसाठी इंग्रजी प्रत टाइप करते.

मामा, तुम्हाला हे आवडेल. गावात एक इमारत आहे. ती आधी भूमिदेवाचं देऊळ होती, मग धान्याचं कोठार, मग सगळ्या गावाची एकत्र खाणावळ, मग सिनेमाघर, आणि आता सुपरमार्केट. आजोबा म्हणतात, फरशी तीच आहे. तीन, सहा आणि नऊ तारखेला बाजार. माती पिवळी. नदी उत्तरेला जाते आणि पुलाच्या मधल्या कमानीखाली उन्हाळ्यातही माणूसभर पाणी असतं. श्वांगचिंग म्हणजे दोन विहिरी.

घर चांगलं आहे. एकच विचित्र गोष्ट. इथे कशालाच झाकण नाही. पातेल्यांना नाही, डब्यांना नाही, बाहेरच्या कचऱ्याच्या बिनचं झाकण स्क्रू काढून वेगळं केलंय. मागे पावसाच्या पाण्याची मोठी टाकी आहे, तिचंही तोंड उघडं. डासांसाठी कौन्सिलची नोटीस आलीय. मी टाकीवर पत्रा ठेवला तर आजोबांनी तो दहा मिनिटांत उचलला.

नकाशे श्वांगचिंगचे आहेत, आजोबांनी आठवणीतून काढलेत. बघून लिहा.

तुमची
दीक्षा


क्रेगीबर्न
२० फेब्रुवारी

चि. दीक्षा,
जय भीम.

नकाशे डायनिंग टेबलवर पसरून बसलो तर सूनबाईंनी आम्हाला ताटं सोफ्यावर दिली. बाळा, किती दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाचं काहीतरी पाठवलं. इथे अतुलच्या घरी दिवसभर मी खिडकीतून समोरच्या पंजाब्याचं गवत वाढताना बघतो.

तुझे आजोबा मास्तर म्हणून माझ्यापेक्षा सरस आहेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी नुसत्या आठवणीतून प्रमाण इतकं सांभाळणं सोपं नाही. गाव नदीच्या आतल्या वळणावर बसलंय, म्हणजे जमीन सुपीक आणि काठ खचायचं भय कमी. बाजाराच्या रस्त्यावर उतार आहे, म्हणून दुकानं वरच्या अंगाला. सगळं बरोबर जुळतं.

दोन गोष्टी मात्र जुळत नाहीत. गावाचं नाव दोन विहिरी आणि नकाशात विहीर एकच, देवळापाशी. दुसरी तिन्ही नकाशांत कुठेच नाही. दुसरी गोष्ट, तिसरा नकाशा बघ, तो त्यांच्या स्वतःच्या गल्लीचा आहे. अकरा दारं, प्रत्येकावर आकडा. पाचव्या दारानंतर गल्ली डावीकडे फुगते आणि आठव्यापाशी परत सरळ होते. तिथे ना झाड काढलंय, ना ओटा, ना मोठा दगड. रस्ता उगाच वळत नाही. कशाला तरी वळसा घालतो. विचार त्यांना.

झाकणांचं मनावर घेऊ नकोस. आपल्या आबांनीही शेवटी घरातली सगळी घड्याळं उलटी करून ठेवली होती. वय झालं की माणूस असं करतो.

जेवत जा. टूवूंबा उंचावर आहे, एप्रिलपासून थंडी लागेल, स्वेटर काढून ठेव.

तुझा
भास्करमामा


टूवूंबा
४ मार्च

प्रिय मामा,

विचारलं. 'दुसरी विहीर कुठे होती?' आजोबा म्हणाले, 'आटली.' मी म्हटलं, 'कुठे ते दाखवा, मी नकाशात टाकते.' त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं आणि अर्धी पेन्सिल संपेपर्यंत काढत राहिले. मग म्हणाले, 'आज पुलाचं प्रकरण घेऊ.'

झाकणांबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं असेल. पण मी आणखी एक पाहिलंय. मागच्या आठवड्यात सोमवारी माझं लेक्चर रद्द झालं, म्हणून दुपारीच घरी आले. चार वाजले असतील. आजोबा मागच्या अंगणात जमिनीवर पालथे पडलेले. मला वाटलं, पडले. धावत गेले. तर त्यांनी मला हाताने थांबवलं. कान मातीला लावलेला, डोळे उघडे. मग चिनीत काहीतरी म्हणाले, हळू, लहान मुलाला म्हणावं तसं. उठून कपड्यांवरची लाल माती झटकली आणि चहा ठेवायला गेले. मंगळवारी मी मुद्दाम लवकर आले. तेच. चार वाजता. मी ते शब्द फोनवर रेकॉर्ड करून युनितल्या एका चिनी मुलीला ऐकवले. ती म्हणाली, 'ते म्हणतायत, येतोय, येतोय.'

मामा, मी भित्री नाही, तुम्हाला माहीत आहे. आयसीयूत प्रेतं गुंडाळलीत मी. पण आता चार वाजले की मलाही खालून ठोकल्यासारखं ऐकू येतं. टाकीचा पाईप असेल.

एक चांगली गोष्टही सांगते. गावाकडून त्यांना एका बाईंचा निरोप येतो, दर चिनी नववर्षाला. ग्वेलान त्यांचं नाव, सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, आजोबांच्याच गल्लीतल्या. ह्वेमिनने मला ह्या वर्षीचा वाचून दाखवला. 'तांग मास्तर, तुम्ही लांबच्या देशात आहात. तिकडे आमची श्याओमान भेटली का? भेटली तर कळवा.' श्याओमान त्यांची धाकटी बहीण. दुष्काळात आईने तिला नदीवरून जाणाऱ्या एका नावाड्याच्या जोडप्याला दिलं, ती परत आलीच नाही. दरवर्षी त्या विचारतात आणि दरवर्षी आजोबा ह्वेमिनकडून उत्तर लिहून घेतात, 'अजून नाही.' ह्वेमिन हसून म्हणाली, 'अख्ख्या ऑस्ट्रेलियात तिला शोधायचं काम बाबांवर आहे.' आजोबा तेव्हा खोलीतून उठून गेले.

तुमची
दीक्षा


क्रेगीबर्न
१५ मार्च

दीक्षा,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे.

दुसरी विहीर आटली असेल तर आटलेली विहीर नकाशात दाखवतात. तिला चिन्ह असतं, मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय. जी मुद्दाम दाखवत नाहीत ती वेगळी असते. ज्या गावात दोन विहिरी असतात तिथे दुसरी कुणाची असते, हे मला विचार. तुझ्या आजीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ओढ्यापलीकडची, शेवाळाची, उन्हाळ्यात तळाशी वाटीवाटीने भरायची. जिल्ह्याच्या छापील नकाशात देवळासमोरची विहीर होती, आमची नव्हती.

सगळीकडे माणसं सारखीच. तिकडेही कुणीतरी खालचे असतील, त्यांना वेगळं पाणी असेल. तुझे तांग मास्तर वरच्या घरातले असतील. आणि आता म्हातारपणी सुंदर पुस्तक लिहितायत, त्यात पूल आहे, सिनेमाघर आहे, आणि त्या लोकांच्या पाण्याची जागा कोरी. जमिनीला कान लावून 'येतोय' म्हणणं सोपं आहे.

तू त्यांच्या घरी राहतेस म्हणून गप्प बसू नकोस. तू ते पुस्तक टाइप करते आहेस. ते खोटं असेल तर तुझ्या बोटांनीही खोटं लिहिलं जातंय. नीट विचार. उत्तर मिळेपर्यंत विचार.

मामा


टूवूंबा
६ एप्रिल

प्रिय मामा,

विचारलं. उत्तरही मिळालं. तुमचा अंदाज चुकला, पण तुम्ही रागावला नसता तर मी विचारलंच नसतं. आता ह्याबद्दल तुमचे आभार मानू की काय करू, मला कळत नाही.

शनिवार होता. ह्वेमिन ओट्यापाशी भाजी चिरत होती. मी आजोबांना सरळ म्हटलं, 'दुसरी विहीर खालच्या लोकांची होती का? म्हणून तुम्ही ती काढली नाही?' त्यांना प्रश्नच कळला नाही. मग मी त्यांना आपलं गाव सांगितलं. ओढा, शेवाळ, आजीच्या डोक्यावरचा हंडा. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, 'तुझ्या आजीच्या विहिरीत पाणी होतं?'

'होतं, थोडंसं.'

'आमच्या विहिरीत नव्हतं,' ते म्हणाले. 'कोरडी होती. म्हणून तर.'

मग त्यांनी सांगितलं. मी जसंच्या तसं लिहिते.

१९६०चा वसंत, त्याच दुष्काळातला. ते एकोणीस वर्षांचे. गावची खाणावळ हिवाळ्यापासून बंद. घराघरांतली लोखंडी भांडी पोलादासाठी सरकारी भट्टीत आधीच वितळवायला नेलेली. घरात धान्य लपवणं हा गुन्हा, आणि त्यासाठी झडत्या व्हायच्या. आजोबांनी थंडीच्या आधी रताळी खणून गल्लीतल्या कोरड्या विहिरीत लपवली होती, आजारी आईसाठी. विहिरीवर दगडी फरशी होती, ती सरकवून ते खोबण्यांत पाय देत खाली उतरायचे.

एका दुपारी चारच्या सुमाराला ते गेले तर फरशी सरकलेली. खाली सातव्या दारातली श्याओमान. आठ वर्षांची. तोंडात रताळं कोंबलेलं. त्याच वेळी गल्लीच्या टोकाला झडतीवाल्यांचे आवाज आले. ते तिला म्हणाले, 'गप्प बस, मी येतो.' आणि फरशी ओढून घेतली.

झडतीवाल्यांनी त्यांना तिथेच पकडलं, पण रताळ्यांसाठी नाही. धरणाच्या कामाला तरुण माणसं हवी होती. दोन दिवसांची वाट. तसंच चालवत नेलं. 'मला वाटलं, तिच्या आईला माहीत असेल,' आजोबा म्हणाले. 'मला वाटलं, कुणीतरी काढेल. मी तोंड उघडलं असतं तर रताळी सापडली असती आणि माझ्या आईला मारलं असतं. हे सगळं मला वाटेत वाटलं. फरशी ओढताना मला काय वाटलं, ते पासष्ट वर्षं आठवतोय. तिला लपवायला ओढली असं मी स्वतःला सांगतो. पण खाली माझी रताळीही होती.'

एकोणीस दिवसांनी ते परत आले. विहीर बुजवलेली, वर माती सपाट केलेली. त्यांची आई आठव्या दिवशीच गेली होती. सातव्या दारातली बाई सांगत होती, की धाकटीला नावाड्यांना दिलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी त्यांना काही सांगितलं नाही. दोन वर्षांनी तिथे शाळेचं पटांगण झालं आणि त्या शाळेत त्यांना नोकरी लागली. तीस वर्षं, मामा. चार वाजता शाळा सुटायची आणि घंटा ते वाजवायचे.

ह्वेमिनची सुरी केव्हाच थांबली होती. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती उठून बाहेर गेली, गाडीत बसून राहिली, आणि आत येऊन मला म्हणाली, 'महिनाअखेरीला दुसरी जागा बघ.' आजोबा चिनीत काहीतरी बोलले. ती म्हणाली, 'बाबा म्हणतात, तू जाणार नाहीस.'

आता खरी अडचण. आजोबांनी ग्वेलानना पत्र लिहिलंय, दोन पानं. ह्वेमिन टाकायला तयार नाही. ती म्हणते, 'ती बाई बहिणीची वाट बघत जगली. ह्यांना मरायच्या आधी मोकळं व्हायचंय म्हणून तिच्याकडून तेवढंही काढून घ्यायचं का?' मला तिचं पटतं. पण आजोबांनी पाकीट माझ्याकडे दिलंय. ते माझ्या बॅगेत आहे, नोट्सच्या मध्ये. मी काय करू?

दीक्षा


क्रेगीबर्न
१४ एप्रिल

चि. दीक्षा,

आज जयंती. अतुल, सूनबाई सगळे हॉलवर गेलेत. मी बरं नसल्याचं सांगितलं. हे पत्र आजच जायला हवं.

ते पाकीट टाकू नकोस. ह्वेमिन बरोबर बोलते आहे. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला, बहीण कुठेतरी नातवंडांत बसली असेल, असं वाटत असेल तर वाटू दे. खरं सांगायची एक वेळ असते आणि ती एकोणीस दिवसांनी होती. पुस्तकात विहीर काढायला सांग, साल लिहायला सांग, आणि पाकीट त्यांना परत दे.

मी त्या माणसाबद्दल जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. तुला कारण सांगायला हवं. आठवीत मला गावाचा नकाशा काढल्याबद्दल बक्षीस मिळालं होतं. कलेक्टरांच्या हस्ते. त्यात देऊळ होतं, चावडी होती, शाळा होती. आपली वस्ती नव्हती, विहीर नव्हती. मला कुणी काढू नकोस म्हटलं नव्हतं. मीच ओढ्याला थांबलो. घरी आल्यावर आईने कौतुकाने नकाशा हातात घेतला आणि विचारलं, 'आपण कुठं आहोत?' मी सांगितलं, कागद तिथेच संपत होता. तिने मान डोलावली. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद कुठे संपतो ते दिसत होतं.

तुझ्यावर चिडलो तो खरं तर आठवीतल्या त्या पोरावरचा राग होता. तुला त्या घरात मी ढकललं. जागा सोडावी लागली तर इथे ये, माझी खोली घे.

मामा


टूवूंबा
२२ जून

प्रिय मामा,

तुमचं पत्र एप्रिलच्या सतरा तारखेला मिळालं. पाकीट मी सोळा तारखेला टाकलं होतं. तुमची वाट बघायला हवी होती. पण त्या दुपारी आजोबा अंगणातून उठेनात, मी त्यांना हाताला धरून उठवलं, आणि ते मला म्हणाले, 'टाकलंस?' मी हो म्हटलं, आणि मग मी ते खरं करायला पोस्टात गेले. हे तुम्हाला दोन महिने सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं पुढे काही घडलं नव्हतं. ह्वेमिनलाही मे महिन्यात सांगितलं. ती तीन शनिवार माझ्याशी बोलली नाही.

गुरुवारी उत्तर आलं. ह्वेमिन सुट्टी काढून आली. तिने ते आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मला इंग्रजीत सांगितलं. मला कळलं तसं लिहिते.

'तांग मास्तर, तुमच्या पत्रात एक चूक आहे. तुम्ही लिहिलंत, फक्त तुम्हाला माहीत होतं. आपल्या गल्लीला अकरा दारं होती. अकराही दारांनी ऐकलं.

पहिल्या संध्याकाळी ती मला हाक मारत होती. मी बारा वर्षांची होते. मी गेले. फरशी हलेना. मी फटीला तोंड लावून सांगितलं, आई येते. आई आली नाही. तिनेच श्याओमानला खाली पाठवलं होतं, आणि घरात मी आणि धाकटा भाऊ होतो. फरशी जो उघडेल त्याची रताळी ठरतील, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक विहिरीवरून कामाला जायचे, तिथे आले की मोठ्याने बोलायचे. म्हणजे ऐकू येऊ नये. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आवाज थांबला. चौथ्या दिवशी लोकांनी आपणहून माती आणली. कुणी हुकूम दिला नव्हता. मीही दोन टोपल्या टाकल्या.

नावाड्यांची गोष्ट आईने रचली आणि गल्लीने ती पाठ केली. आता गल्लीतले तुम्ही आणि मी उरलो आहोत. मी दरवर्षी तुम्हाला विचारायचे. मला वाटायचं, एखाद्या वर्षी तरी तुम्ही म्हणाल, ती तिकडे नाही, ती इथेच आहे. ते ऐकायला मला फार वर्षं लागली.

तुमच्या आईबद्दल तुम्ही लिहिलंत, की ती बिचारी काही न कळता गेली. तुमचं दार पाचवं, विहिरीला सगळ्यांत जवळचं. मी फरशी ढकलत होते तेव्हा तुमच्या आई भिंतीला धरून बाहेर आल्या होत्या. त्यांनीही हात लावला. त्यांच्या अंगात काही नव्हतं. नंतर आत जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. माझी आई पेज घेऊन गेली, ती त्यांनी घेतली नाही.'

ह्वेमिनला पुढचं वाचता येईना. पुढे फार नव्हतं, नुसती सही आणि तारीख.

आजोबा रडले नाहीत. त्यांनी पत्र मागून घेतलं, शेवटचं पान स्वतः दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. मग मला म्हणाले, 'मशीन आण.' म्हणजे लॅपटॉप. ह्वेमिन म्हणाली, 'बाबा, आज नको.' ते म्हणाले, 'प्रकरण, विहिरी.'

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. पहिलं दार, सुतार, नवरा-बायको आणि तीन मुलं, ऐकलं. दुसरं दार, विधवा आणि तिचा दीर, ऐकलं. तिसरं, चौथं. प्रत्येकाचं नाव, त्या वर्षीचं वय. एकालाही 'चांगला' किंवा 'वाईट' म्हटलं नाही. दोन माणसांची नावं आठवेनात, तेव्हा त्यांनी मला तिथे मोकळी जागा सोडायला लावली आणि म्हणाले, 'ग्वेलानला विचारू.' ह्वेमिन त्यांच्या मागे उभी होती. थोड्या वेळाने ती शेजारी बसली आणि चिनी नावांची अक्षरं कागदावर लिहून देऊ लागली.

पाचवं दार त्यांनी वगळलं. सहावं सांगितलं, सातवं सांगितलं, श्याओमान, आठ वर्षं. ग्वेलान, बारा, ऐकलं, गेली, फरशी ढकलली. असं करत अकरापर्यंत आले आणि थांबले. मीही थांबले. बाहेर धुकं होतं, इथे हिवाळ्यात दुपारीही उतरतं ते. ह्वेमिन म्हणाली, 'बाबा, झालं?'

ते माझ्या हातांकडे बघत होते.

'पाचवं दार,' ते म्हणाले. 'तांग. मुलगा, एकोणीस, त्याने फरशी ओढली.' मग म्हणाले, 'आई, एकेचाळीस. लिही. आईने ऐकलं.'

तुमची
दीक्षा